मीटरला न कळणारा बेस

नगरमध्ये विसर्जन मिरवणुकीत डीजेच्या भिंती उभ्या राहिल्या, की वाद होतो तो डेसिबलचा. पण ते कोणत्या पट्टीवर मोजायचे? निवासी भागासाठी दिवसा 55, रात्री 45 ही 2000 च्या नियमांतली मर्यादा ‘ए’ पट्टीवरची आहे. ती 50 हर्ट्झचा ठोका सुमारे 30 डेसिबलने कमी दाखवते. खरा 110 चा ठोका मीटरवर 80 दिसतो. ‘सी’ पट्टीवर फरक पडतो जेमतेम एकाचा.

आताच्या भिंतींचा जोर तर बेसवरच. स्पीकरपुढे रुंदावत जाणारा कर्णा असला की तेवढ्याच विजेवर जास्त आवाज निघतो. अशी खोकी एकमेकांना चिकटवून रचली की कर्ण्याचे तोंड जणू मोठे होते आणि खोल सूरही उघड्यावर दूरवर पोहोचतात. त्या लाटेची लांबी जवळपास 7 मीटर. कानातल्या कापसाला ती जुमानत नाही. मोठ्या संगीताजवळ उभे असताना फुप्फुसाभोवती हवा साचलेले रुग्ण ‘थोरॅक्स’ नियतकालिकाने 2004 मध्ये नोंदवले. प्रकार विरळा, पण छातीतले हादरे सगळ्यांच्याच ओळखीचे.

पोलिसांनी यंदा दोन्ही पट्ट्यांवरचे आकडे नोंदवावेत. मंडळांनी अरुंद गल्लीत शिरताना बेसची खोकी बंद करावीत.