परसातील भोपळा आणि बटरनटचे बी

शहरांतील दुकानांत बटरनट नावाचा लांबट व बदामी सालीचा भोपळा मिळू लागल्यापासून त्याचे बी आणून परसात लावावे, अशी हौस कंधारकडील शेतकऱ्यांस होणे साहजिक आहे. त्या हौसेस आमचा विरोध नाही. मात्र आपला लाल भोपळा, ज्यास कोणी डांगर तर कोणी काशीफळ म्हणतात, तो त्यापुढे हलका, हा समज आम्हांस मान्य नाही. आपल्याकडील पुष्कळसे लाल भोपळे व बटरनट ही ‘कुकुर्बिटा मोशाटा’ या एकाच जातीची भावंडे होत. मूळ दोघांचेही अमेरिका खंडात. एक कित्येक पिढ्यांपासून येथे घरचा झाला आहे, दुसरा १९४० नंतरच्या दशकात मॅसॅच्युसेट्स प्रांतात निपजविला गेला.

या नात्यामुळेच अडचण उत्पन्न होते. दोन्ही वेल जवळजवळ फुलले म्हणजे मधमाशी एकाचा पराग दुसऱ्यावर नेते. त्या वर्षीच्या फळात फरक दिसत नाही, म्हणून कोणाच्या ध्यानात येत नाही. परंतु त्याचे बी पुढील मृगात लावले की ना धड भोपळा, ना धड बटरनट अशी फळे येतात. आजीने राखेत घोळून मडक्यात जपलेले बी असे एका हंगामात बिघडते, व ते कोणत्याही दुकानात परत मिळत नाही. पुडीतील बी संकरित असल्यास त्याची संततीही एकसारखी उतरत नाही. म्हणजे दरसाल पैसा मोजणे आले.

उपाय सोपा आहे. मादीफुलाच्या बुडाशी लहान फळ असते, नरफुलास नुसता देठ. उद्या उमलणारी दोन्ही फुले आज सायंकाळी दोऱ्याने बांधावी. सकाळी आठाच्या आत नरफूल तोडून त्याचा पराग मादीफुलात लावावा, मादीफूल पुन्हा बांधावे व देठास खुणेची चिंधी अडकवावी. बी एकाच वेलाचे न धरता चार-पाच वेलांचे धरावे. कोवळी फळे पिवळी पडून गळतात तेव्हा दृष्ट लागली असे म्हणतात. पुष्कळदा शेजारच्या कापसावरील फवारणीने माश्या नाहीशा झालेल्या असतात, आणि तेथेही हाच उपाय चालतो.

बाकी मशागत दोघांची एकच. काळ्या जमिनीत पाणी तुंबते, यास्तव उंचवटा करून, कुजलेले शेणखत घालून, दोन-तीन बिया इंचभर खोल टोकाव्या. पहिल्या दोन पानांवर तांबडा भुंगेरा पडतो. तो पहाटे सुस्त असताना वेचावा. भुरीवर गंधक उन्हात मारू नये, पाने करपतात. साल नखास दाद देईनाशी झाली व देठ वाळला म्हणजे तीन-चार बोटे देठ ठेवून फळ काढावे. खुणेचे फळ आणखी महिनाभर सावलीत ठेवून मगच फोडावे. तोवर बी चांगले भरते.