न ऐकू येणारा खर्ज

अनंत चतुर्दशीच्या रात्री आमच्या इंदुरात झाँक्यांची मिरवणूक निघते. ती दृष्टीस पडण्याच्या कितीतरी आधी तिची वर्दी येते ती ढोलाच्या आवाजाने. झांजा ऐकू येतात त्या मिरवणूक अगदी कोपऱ्यावर आल्यानंतर. असे का होते, हा प्रश्न आम्ही मागे आठवीच्या वर्गात विचारला. एक मुलगा उभा राहून म्हणाला, ‘‘सर, ढोल मोठा असतो म्हणून!’’ वर्ग हसला; परंतु उत्तर अगदीच टाकाऊ नव्हते. मोठ्या वस्तूचे कंपन सावकाश होते, सावकाश कंपनाचा सूर खालचा असतो, आणि खालचा सूर हवेत फारसा शोषला जात नाही. झांजेचा तीव्र नाद वाटेतच विरतो. ढोलाचा खर्ज मात्र घरे, भिंती यांना वळसा घालून पुढे चालत राहतो.

हा खर्ज आणखी खाली, आणखी खाली नेत गेलो तर काय होईल? माणसाचा कान सेकंदास सुमारे २० ते २०,००० कंपने ओळखतो. विसाच्या खाली ध्वनी असतोच, केवळ आपणांस तो ऐकू येत नाही. यास अवश्राव्य ध्वनी असे म्हणतात. ज्वालामुखी, हिमलोट, चक्रीवादळ, खवळलेला समुद्र, आकाशातून कोसळणारी उल्का, ही सारी अवाढव्य मंडळी याच सुरात बोलतात, आणि त्यांचे बोलणे हजारो किलोमीटर जाते.

याची पहिली मोठी प्रचिती २७ ऑगस्ट १८८३ रोजी आली. जावा आणि सुमात्रा यांच्या मधील क्राकाटोआ ज्वालामुखीचा त्या दिवशी भयंकर स्फोट झाला. सुमारे ४,८०० किलोमीटरवरील रॉड्रिग्ज बेटावर तो तोफांच्या धडाक्यांसारखा कानांनी ऐकू आला, तोही स्फोटानंतर सुमारे चार तासांनी. ध्वनीस तेवढे अंतर तोडावयास तितका वेळ लागतोच. त्यापुढे कान थकले, पण वायुभारमापके थकली नाहीत. जगभरच्या वेधशाळांतील कागदांवर हवेच्या दाबाची एक उसळी उमटली, आणि पृथ्वीला पुन्हा पुन्हा प्रदक्षिणा घालणारी तीच लहर पुढील काही दिवस उमटत राहिली.

आज असे ऐकण्याची व्यवस्था साऱ्या जगभर आहे. मात्र ती उभारली गेली ती निसर्गासाठी नव्हे, तर संशयापोटी. १९९६ साली अणुचाचण्यांवर संपूर्ण बंदी घालणारा करार झाला. चोरून केलेला स्फोट ओळखता यावा म्हणून ६० अवश्राव्य ध्वनिस्थानकांची योजना आखण्यात आली; त्यांपैकी पन्नासहून अधिक आज कार्यरत आहेत. भारताने या करारावर सही केलेली नाही, आणि आवश्यक त्या सर्व राष्ट्रांच्या संमतीअभावी तो अद्याप अंमलातही आलेला नाही. स्थानके मात्र अहोरात्र कान देऊन बसली आहेत. प्रत्येक स्थानकात काही संवेदक एकमेकांपासून दूर मांडलेले असतात. लहर कोणाकडे आधी पोहोचली आणि कोणाकडे नंतर, यावरून तिची दिशा कळते. दोन-तीन स्थानकांच्या दिशा जेथे छेदतात तेथे उगम. वाऱ्याच्या झुळुकांनी घोटाळा होऊ नये म्हणून संवेदकास अनेक तोंडांच्या नळ्या जोडून त्या भोवती पसरतात.

या जाळ्याची खरी कसोटी लागली १५ फेब्रुवारी २०१३ रोजी. रशियातील चेल्याबिन्स्क शहरावर सकाळी सुमारे २० मीटर व्यासाची उल्का फुटली. ती सूर्याच्या बाजूने आल्यामुळे कोणत्याही दुर्बिणीस आधी दिसली नव्हती. तिचा अवश्राव्य ध्वनी २० स्थानकांनी टिपला. त्यांतील सर्वांत दूरचे अंटार्क्टिकात, सुमारे १५,००० किलोमीटरवर होते.

परंतु आम्हां शिक्षकांस त्या दिवसाची दुसरीच गोष्ट अधिक मोलाची वाटते. आकाशात लखकन प्रकाश झाला, तेव्हा लोक कुतूहलाने खिडक्यांशी गेले. प्रकाश क्षणात पोहोचतो. धक्कालहर दोन मिनिटांहून अधिक काळाने आली आणि काचांचा चुरा झाला. सुमारे १,५०० लोक जखमी झाले, बहुतेक काचांनीच. एका शाळेतील शिक्षिकेने मात्र तो प्रकाश पाहताच चौथीच्या ४४ मुलांना बाकांखाली बसावयास सांगितले. काचेने तिचा स्वतःचा हात कापला. मुलांपैकी एकालाही इजा झाली नाही. तिच्याजवळ यंत्र नव्हते, प्रसंगावधान होते.

१५ जानेवारी २०२२ रोजी पॅसिफिकमधील हुंगा टोंगा-हुंगा हापाई ज्वालामुखीचा स्फोट झाला, तेव्हा त्या काळी चालू असलेल्या सर्वच्या सर्व ५३ स्थानकांनी तो ऐकला. सुमारे १०,००० किलोमीटरवरील अलास्कात तो माणसांनाही ऐकू आला, आणि भारतातील वायुभारमापकांवरही त्याची उसळी उमटली.

मग ही यंत्रे संकटाची सूचना आधी देतात काय? येथे नेमके बोलले पाहिजे. ध्वनी सेकंदास सुमारे ३४० मीटर चालतो. दूरची बातमी तो काही तासांनी आणतो. ती साक्ष झाली, इशारा नव्हे. पण ज्वालामुखीच्या जवळ कान ठेवला तर गोष्ट निराळी. सिसिलीतील एट्ना पर्वतावर इटालियन शास्त्रज्ञांनी विवरातील हवेचा खर्ज सतत ऐकला. उद्रेकापूर्वी त्या सुराची चाल बदलते, असे त्यांस आढळले. आठ वर्षांतील ५९ उद्रेकांपैकी ५७ त्यांच्या यंत्रणेने आधी ओळखले, आणि २०१५ पासून तेथील नागरी संरक्षण खात्यास आपोआप इशारा जाऊ लागला. विमानांना राखेच्या ढगापासून दूर ठेवण्यास तासाभराची अशी सवड पुष्कळ होते.

वाचकांनी आपल्या मुलांना पुढल्या पावसाळ्यात एक साधा खेळ अवश्य शिकवावा. वीज चमकताच आकडे मोजावयास लागावे. गडगडाट होईपर्यंत गेलेल्या दर तीन सेकंदांस एक किलोमीटर धरावे. अंतर कमी होत चालले, तर खिडकीपासून आत यावे. प्रकाश दिसला म्हणजे सारे घडून गेले, असे नव्हे. काही यावयाचे अजून वाटेवर असते. एवढे ज्या मुलाच्या मनात रुजले, त्याच्या शिक्षकाचे श्रम सार्थकी लागले, असे आम्ही समजतो.