राजीनामा लिहिण्यापूर्वी

आमचा दवाखाना बुधवार पेठेत, अप्पा बळवंत चौकापासून हाकेच्या अंतरावर. पायरीवर उभे राहिले की पाठीला पिशवी आणि हातात स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांचे गठ्ठे घेतलेली मुलेमुली दिवसभर दिसतात. बीड, लातूर, नांदेड, सोलापूर, कुठून कुठून आलेली. एकदा सरकारी नोकरी लागली की जन्माचे कल्याण झाले, अशी त्यांची आणि त्यांच्या आईवडिलांची श्रद्धा. आणि पायरीच्या आत, बाकावर, अशीच परीक्षा वीस-बावीस वर्षांपूर्वी उत्तीर्ण झालेले एखादे गृहस्थ पोटावर हात ठेवून बसलेले असतात. ही नोकरी कधी एकदा सुटते, असे त्यांना झालेले असते.

असेच एक गृहस्थ मध्यंतरी आले होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) वय ४९, नोकरी बावीस वर्षे. तक्रारी नेहमीच्याच: छातीत जळजळ, झोप नाही, मान धरते, चिडचिड होते. रक्तदाब १७० वर १०४. मी पट्टा सोडत होतो, तेवढ्यात त्यांनी शर्टाच्या खिशातून चार घड्या घातलेला एक कागद काढला आणि म्हणाले, "डॉक्टर, तेवढा तुमचा दाखला द्या. 'नोकरीस अपात्र' असे लिहा. दाखला आणि हा कागद उद्याच साहेबांच्या टेबलावर ठेवतो."

कागदावर मोठ्या अक्षरात लिहिले होते, 'राजीनामा'.

वाचकहो, या एका शब्दापायी त्या गृहस्थांचे बावीस वर्षांचे निवृत्तिवेतन जाणार होते, आणि त्यांना त्याची कल्पना नव्हती. त्याविषयी पुढे सांगतोच. आज हा विषय काढण्याचे कारण असे की, 'नोकरी सोडू का?' हा प्रश्न लोक अलीकडे वकिलाआधी किंवा हिशेबनिसाआधी डॉक्टरला विचारू लागले आहेत. त्यात चूक काही नाही. हा प्रश्न बहुधा शरीरातूनच प्रथम बोलू लागतो.

साहेबाला कमी, कारकुनाला जास्त

नोकरीचा त्रास हा 'मनाचा खेळ' आहे, असे म्हणणाऱ्यांनी लंडनमधली एक पाहणी लक्षात ठेवावी. तिथल्या व्हाइटहॉल भागात सरकारी कचेऱ्या आहेत. १९६७ पासून तेथील सुमारे १८ हजार पुरुष सरकारी नोकरांच्या प्रकृतीचा मागोवा घेण्यात आला. सर मायकेल मार्मट यांचे नाव या कामाशी जोडले गेले आहे. जबाबदारी मोठी म्हणून साहेबांनाच हृदयविकार जास्त होत असेल, असा सर्वांचा समज होता. निघाले उलटे. सर्वांत खालच्या श्रेणीतल्या नोकरांच्या मृत्यूचे प्रमाण सर्वांत वरच्या श्रेणीच्या सुमारे तिप्पट होते. विडीकाडी, रक्तदाब यांचा हिशेब केला तरी हा फरक पुरता उलगडेना. मग १९८५ पासून १०,३०८ स्त्री-पुरुषांची दुसरी पाहणी सुरू झाली. आपल्या कामावर ज्यांचा स्वतःचा ताबा कमी, त्यांना हृदयविकाराचा धोका अधिक, असे तीतून दिसून आले.

म्हणजे माणसाला केवळ काम मारत नाही. काम आहे, पण ते कसे करायचे हे ठरवण्याचा अधिकार नाही, ही कोंडी त्याला खाते. फाईल आपण तयार करायची, ती कुठे अडेल ते ठाऊक नाही, आणि अडली की कारणे दाखवा नोटीस मात्र आपल्याला. ज्यांनी हे भोगले आहे त्यांना लंडनचा दाखला लागणार नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या आपल्या अकराव्या वर्गीकरणात कामाच्या या थकव्याची नोंद केली आहे. हे वर्गीकरण २०२२ पासून अमलात आले. तीत तीन खुणा सांगितल्या आहेत: अंगातली शक्ती संपल्यासारखी वाटणे, कामाविषयी मन विटणे, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे. मात्र संघटनेने हा 'रोग' म्हटलेला नाही, कामाच्या ठिकाणी उद्भवणारी अवस्था म्हटले आहे. हा फरक महत्त्वाचा आहे. अवस्था बदलता येते. रोगावर औषध करावे लागते. आणि पुष्कळदा दोन्ही एकत्र असतात.

दोष नोकरीचा की प्रकृतीचा?

म्हणून माझा पहिला आग्रह असा की, राजीनामा लिहिण्यापूर्वी तपासणी करून घ्या. रक्तदाब एकदा मोजून शिक्का मारू नये, निरनिराळ्या दिवशी मोजावा. साखर, हिमोग्लोबिन, थायरॉइड पाहावे. छातीत दुखत असेल तर 'टेन्शन आहे' असे आपणच ठरवू नये, आधी हृदयाचा आलेख काढावा. रात्री मोठ्याने घोरत असाल आणि दिवसा टेबलावर डुलक्या येत असतील, तर तेही डॉक्टरला सांगावे.

एका कार्यालयातल्या बाई 'आता होत नाही, नोकरी सोडते' म्हणून रडत आल्या होत्या. हिमोग्लोबिन आठच्या खाली आणि थायरॉइड मंदावलेले. चार महिन्यांनी त्यांनी सोडण्याचा विषय काढला नाही. मीही काढला नाही. त्यांचा राजीनामा लोहाच्या गोळ्यांनीच परत घेतला!

दुसरी कसोटी घरी करण्यासारखी आहे. दहा दिवस सलग रजा घ्या, आणि त्या दहा दिवसांत फोन बंद ठेवा. त्रास कमी झाला, आणि रजेच्या शेवटच्या संध्याकाळी पुन्हा पोटात गोळा उठला, तर दोष बहुधा नोकरीत आहे. पण रजेतही झोप येत नाही, जेवण गोड लागत नाही, नातवंडात किंवा गाण्यात मन रमत नाही, आणि हे दोन आठवड्यांहून अधिक चालले आहे, तर ते नैराश्य असू शकते. त्यावर उपचार आहेत आणि त्यांचा गुण येतो. मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्यात कमीपणा नाही. सरकारची 'टेलिमानस' ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील तर एक दिवसही थांबू नका.

नैराश्यात माणसाला सगळे रस्ते बंद दिसतात, त्यामुळे तो पहिला सापडेल तो दरवाजा ढकलतो. तापात कुणी घर विकत नाही. तसाच आजारपणात राजीनामा देऊ नये.

राजीनामा आणि स्वेच्छानिवृत्ती

आता त्या कागदाकडे वळू. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ नुसार राजीनामा दिला की पूर्वीची सेवा जप्त होते, म्हणजे निवृत्तिवेतनासाठी ती धरली जात नाही. तीच व्यक्ती वीस वर्षांची अर्हताकारी सेवा झाल्यावर तीन महिन्यांची लेखी नोटीस देऊन 'स्वेच्छानिवृत्ती' घेते, तेव्हा निवृत्तिवेतन मिळते. शब्द वेगळा, पुढचे आयुष्य वेगळे! दुसऱ्या सरकारी पदावर रीतसर परवानगीने जाण्यासाठी दिलेल्या राजीनाम्याने पूर्वीची सेवा जात नाही.

सर्वसाधारणपणे १ नोव्हेंबर २००५ पासून पुढे लागलेल्यांना हे जुने नियम लागू नाहीत, त्यांचा हिशेब वेगळा. त्यांनी आपल्या आस्थापना शाखेत आणि लेखा शाखेत बसून आकडे लेखी घ्यावेत. कॅन्टीनमधल्या मित्राच्या तोंडी हिशेबावर विसंबू नये.

रजेचेही तसेच. अर्धपगारी रजा वर्षाला वीस दिवस जमा होत असते. खऱ्या आजारपणात वैद्यकीय प्रमाणपत्रावर तिचे परिवर्तित रजेत रूपांतर करून पूर्ण पगारी रजा मिळते. वर्षानुवर्षे साठवलेली ही रजा आजारी माणसासाठीच आहे. खोटा दाखला मी देत नाही, पण ज्याला विश्रांती लागते आहे त्याला खरा दाखला देण्यात मला कधी संकोच वाटला नाही.

आणि नोकरी न सोडता खुर्ची सोडता येते, हेही विसरू नये. २००५ च्या बदल्यांच्या कायद्याने एका पदावरचा सर्वसाधारण कालावधी तीन वर्षांचा ठरवला आहे. कित्येकांचे वैर सरकारशी नसते, एका साहेबाशी किंवा एका टेबलाशी असते. त्यासाठी उभी नोकरी सोडणे म्हणजे ढेकूण झाले म्हणून घर जाळणे.

दोन माणसे, दोन वाटा

पण मग सोडूच नये का? असे मी म्हणणार नाही. आमच्या पुण्यातच दोन्ही उदाहरणे आहेत.

विष्णुशास्त्री चिपळूणकर सरकारी शाळेत शिक्षक होते. 'निबंधमाला' १८७४ पासून चालू होती. त्यांची बदली रत्नागिरीला झाली, आणि १८७९ मध्ये त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला. जानेवारी १८८० मध्ये पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले, पुढच्याच वर्षी 'केसरी' निघाला. त्यांनी त्राग्याने दार आपटले असे आपण समजतो. पण तारखा पाहा. पाच वर्षांचे काम हाताशी होते, टिळक-आगरकरांसारखे सोबती होते, आणि पुढे काय करायचे ते ठाऊक होते. १८८२ मध्ये, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी ते गेले, पण तेवढ्या अवधीत शाळा आणि वर्तमानपत्र दोन्ही उभी राहिली होती.

त्याच काळात न्यायमूर्ती रानडे सरकारी नोकरीत होते. १८७८ मध्ये त्यांची नाशिकला आणि १८७९ मध्ये धुळ्याला बदली झाली, त्यामागे सरकारचा संशय होता. त्यांनी नोकरी सोडली नाही. पुढे १८८४ मध्ये पुण्यात मुलींची शाळा उभारण्यात त्यांचा पुढाकार होता, आणि १८९३ मध्ये ते उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. आमच्या बुधवार पेठेत 'बाहुलीचा हौद' आहे. तो आपल्या मुलीच्या स्मरणार्थ बांधणारे डॉ. विश्राम रामजी घोले हेही सरकारी डॉक्टर. नोकरी सांभाळूनच त्यांनी सत्यशोधक समाजाचे काम केले.

यांतला कोण बरोबर? दोन्ही पक्ष. सोडणाऱ्याला पुढे जायचे ठिकाण होते आणि राहणाऱ्याला कचेरीबाहेर स्वतःचे काम होते. ज्या कामावर आपला ताबा आहे असे थोडे तरी काम आयुष्यात असावे. ते नसेल, तर राहणाराही आजारी पडतो आणि सोडणाराही.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. मी स्वतः १९९६ ते २००१ एका प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी होतो. तीस हजार वस्तीला असे एक केंद्र. दुसऱ्या डॉक्टरची जागा रिकामी, मागवलेली औषधे वेळेवर नाहीत, आणि अहवालांचे तक्ते मात्र महिन्याच्या महिन्याला हवेत. एका बैठकीत सर्वांसमोर अपमान झाला आणि त्याच रात्री कंदिलाच्या उजेडात मी राजीनामा लिहिला. डोकेदुखी आठवड्यात थांबली, हे खरे. पण पुढे काय, हे ठरवले नव्हते. दीड वर्ष घर पत्नीच्या पगारावर चालले. केंद्रावर क्षयाचे जे रुग्ण माझ्या हातून औषध घेत होते, त्यांची यादीही मी कुणाच्या नीट हवाली केली नाही. नोकरी सोडल्याचा मला पश्चात्ताप नाही. ज्या रीतीने सोडली त्याचा आजही आहे.

शेवटी काय करावे

त्या गृहस्थांना मी 'अपात्र' असा दाखला दिला नाही. औषध सुरू केले, मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले, सहा आठवड्यांच्या रजेचा दाखला दिला आणि राजीनाम्याचा कागद पत्नीजवळ ठेवायला सांगितला. बरे वाटू लागल्यावर त्यांनी सेवापुस्तक काढून पाहिले, तर दोन वर्षांच्या सेवेची पडताळणीच झालेली नव्हती! ती करून घेतली, कर्जाचे हप्ते मोजले, मुलीच्या शिक्षणाचा खर्च मांडला. पुढच्या वर्षी त्यांनी तीन महिन्यांची रीतसर नोटीस दिली. आता भावाच्या दुकानाचे हिशेब पाहतात. चेहऱ्यावर तजेला आहे. गोळी मात्र चालू आहे, कारण रक्तदाब नोकरीबरोबर निवृत्त होत नाही.

तेव्हा, वाचकहो, नोकरीला विटला असाल तर आधी शरीर तपासा, मग रजा घ्या, मग टेबल बदलून पाहा, आणि मग घरच्यांसह वहीत आकडे मांडा. या सगळ्यासाठी सहा महिन्यांची मुदत ठरवा आणि ती तारीख कॅलेंडरवर लिहा. मुदतीनंतरही रविवारच्या संध्याकाळी छाती धडधडत असेल, आणि पुढे काय करायचे ते ठरले असेल, तर खुशाल सोडा. लोक वेड्यात काढतील, त्यांना काढू द्या. घरच्यांनीही एवढे करावे: 'सरकारी नोकरी कुणी सोडते का?' हे वाक्य सहा महिने तोंडातून काढू नये. त्याऐवजी 'आज झोप लागली का?' असे विचारावे.