रॅमचा भाव आधी विचारा: सातारा-सांगलीत ५० हजारांत गेमिंग पीसी बसवताना

माझा मामेभाऊ सांगलीत इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या जुलैमध्ये त्याने मला पीसीची यादी पाठवली होती. इंटेलचा आय-३ १२१००एफ प्रोसेसर, १६ जीबी डीडीआर-५ रॅम, १ टीबी एसएसडी, आरएक्स ६६०० ग्राफिक्स कार्ड. मॉनिटर घरचा जुनाच. एकूण ४९,८०० रुपये. मामीची भिशी डिसेंबरमध्ये लागणार होती, म्हणून थांबायचं ठरलं.

जानेवारीत त्याच दुकानातून त्याच यादीचं कोटेशन आलं ६१,२०० चं. त्याचा लगेच फोन, "दादा, हा माणूस आपल्याला फसवतोय का?"

मी दोन्ही कागद शेजारी ठेवले. प्रोसेसर, कार्ड, कॅबिनेट जवळपास तिथेच होते. रॅम ४,२०० वरून १३,००० वर गेली होती आणि एसएसडी ४,६०० वरून ७,२०० वर. ११,४०० रुपयांचा सगळा फरक या दोन ओळींत होता. दुकानदार फसवत नव्हता. पण जुलैची यादी जानेवारीत तशीच विकत घेतली असती, तर आपण स्वतःला फसवलं असतं.

रॅम एवढी का महागली?

जगातली बहुतांश रॅम तीनच कंपन्या बनवतात: सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. चिप तयार होते वेफरवर, म्हणजे सिलिकॉनच्या गोल चकतीवर. कारखान्यात महिन्याला किती वेफर निघणार, हे ठरलेलं असतं. नवा कारखाना उभा राहायला काही वर्षं जातात.

आता एआयच्या सर्व्हरना एचबीएम नावाची वेगळी मेमरी लागते. मायक्रॉननेच सांगितलंय की तेवढीच मेमरी एचबीएम म्हणून बनवायची, तर डीडीआर-५ च्या साधारण तिप्पट वेफर खर्ची पडतात. एचबीएमचा पैसाही जास्त मिळतो. मग आपल्या साध्या रॅमच्या वाट्याला उरलं-सुरलं येतं. १ ऑक्टोबर २०२५ ला ओपनएआयने सॅमसंग आणि एसके हायनिक्स यांच्याशी करार जाहीर केले. त्यात दरमहा ९ लाख वेफरपर्यंतचं लक्ष्य होतं. ३ डिसेंबरला मायक्रॉनने 'क्रुशियल' हा आपला ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करत असल्याचं सांगितलं. बजेट पीसीवाल्यांचा हा वर्षानुवर्षांचा भरवशाचा ब्रँड होता. त्याच महिन्यात डॉलर पहिल्यांदा ९० रुपयांच्या पुढे गेला, आणि आपले जवळपास सगळे पार्ट बाहेरूनच येतात.

"पण जीएसटी कमी झाला ना?" हा प्रश्न हमखास येतो. २२ सप्टेंबर २०२५ च्या बदलात ३२ इंचांपेक्षा मोठे टीव्ही आणि मॉनिटर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आले. रॅम, प्रोसेसर, मदरबोर्ड यांच्यावर आधीही १८ टक्केच होता, आजही तेवढाच आहे. गुजरातमधल्या साणंदचा मायक्रॉनचा प्रकल्पही लगेच स्वस्ताई आणणार नाही, कारण तिथे चिपची जोडणी आणि तपासणी होते. वेफर तिथे बनत नाहीत.

आणि हे फक्त पीसीचं दुखणं नाही. तुमच्या हातातल्या फोनची रॅमही याच कंपन्यांकडून येते.

मग यादी उलटी वाचा

आत्तापर्यंत आपली सवय अशी होती: आधी प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड ठरवायचं, रॅम शेवटी टाकायची, ती स्वस्तच असायची. आता रॅम आधी ठरवा, कारण ती कुठली परवडते यावर मदरबोर्ड ठरतो.

डीडीआर-४ आणि डीडीआर-५ ची खाच वेगळ्या जागी असते. एकीची पट्टी दुसरीच्या स्लॉटमध्ये बसत नाही. पण इंटेलचे १२ व्या ते १४ व्या पिढीचे प्रोसेसर दोन्ही चालवतात. एच६१० चे बोर्डही दोन्ही प्रकारांत मिळतात. डीडीआर-४ वाल्या बोर्डच्या नावात बऱ्याचदा 'डी४' असतं. नाव वाचून घ्या, दुकानदाराच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

नवीन डीडीआर-४ सुद्धा महागलीय, कारण कंपन्या तिचं उत्पादन आवरतं घेतायत. पण जुनी डीडीआर-४ मिळते. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. इंटेलच्या सहाव्या-सातव्या पिढीचे ऑफिसमधले पीसी विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसत नाहीत, म्हणून असे कितीतरी पीसी आता बाहेर पडतायत. त्यातल्या बऱ्याच डेस्कटॉपमध्ये डीडीआर-४ च्या पट्ट्या असतात. मामेभावाला जुने पीसी घेणाऱ्या एका दुकानात ८-८ जीबीच्या दोन पट्ट्या ५,००० ला मिळाल्या.

जुनी रॅम घेताना एवढं बघा:

• लॅपटॉपची आखूड पट्टी डेस्कटॉपला चालत नाही.
• १६ ची एक घेण्यापेक्षा ८-८ च्या दोन घ्या. दोन चॅनल चालू होतात आणि गेममध्ये फरक दिसतो.
• घरी आल्यावर मेमटेस्ट८६ रात्रभर चालवा. एक जरी एरर आली तर परत करा. तेवढ्यासाठी दुकानदाराकडून सात दिवसांची बोली करून घ्या.

एसएसडी १ टीबीऐवजी ५१२ जीबीची घेतली, तिथे आणखी २,७०० वाचले. ६१,२०० ची यादी ५०,५०० वर आली. प्रोसेसर तोच, ग्राफिक्स कार्ड तेच. व्हॅलोरंट खेळताना त्याला फरक कळणारही नाही.

याची किंमतही सांगतो. उद्या नवीन पिढीचा प्रोसेसर घ्यायचा झाला, तर बोर्ड आणि रॅम दोन्ही बदलावी लागणार. ज्याला आजच ७०-८० हजार खर्चायचेत आणि पुढची पाच वर्षं एकेक पार्ट वाढवत जायचंय, त्याने एएमडीचा एएम५ आणि डीडीआर-५ घ्यावा. ५० हजारांत मात्र 'पुढे कधीतरी' साठी आज आठ हजार अडकवणं मला पटत नाही.

ग्राफिक्स कार्ड पुढच्या वर्षी घेणार असाल तर

इथे खूप जण अडकतात. प्रोसेसरच्या नावात शेवटी 'एफ' असेल, तर त्यात स्वतःचं ग्राफिक्स नसतं. रायझन ५ ५६०० मध्येही नाही. कार्ड नसेल तर स्क्रीन काळीच राहणार. कार्ड नंतर घ्यायचं असेल तर रायझन ५ ५६००जी सारखा, नावात 'जी' असलेला प्रोसेसर बघा. तो डीडीआर-४ वरच चालतो. त्याचं ग्राफिक्स आपल्या रॅममधूनच मेमरी उचलतं, त्यामुळे तिथे दोन पट्ट्या हव्यातच.

कार्डवरही मेमरी असते, तेव्हा त्यांचे भावही फार काळ शांत बसतील असं धरून चालू नका. ८ जीबीचं कार्ड परवडत असेल तर ४ जीबीच्या मोहात पडू नका.

एसएमपीएसवर पैसे वाचवू नका

रॅमने बजेट खाल्लं की पहिली कात्री एसएमपीएसला लागते. "कॅबिनेटसोबत फुकट येतोय की!" मीही कॉलेजला असताना साताऱ्यात हेच केलं होतं. पावसाळ्यात एका संध्याकाळी लाइट तीनदा गेली-आली. तिसऱ्यांदा जळका वास आला. एसएमपीएस गेला आणि जाताना मदरबोर्डही घेऊन गेला. वाचवलेले दीड हजार मला आठ हजारांना पडले.

आरएक्स ६६०० साठी एएमडी किमान ४५० वॅट सांगते. चांगल्या कंपनीचा ४५० ते ५५० वॅटचा घ्या. '८० प्लस' चा शिक्का फक्त वीज किती वाया जाते ते सांगतो, सुरक्षिततेची हमी देत नाही. म्हणून वॉरंटी किती वर्षांची आहे ते बघा. घरच्या सॉकेटला अर्थिंग आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्या. आणि ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे ६०० वॅट नव्हे. बहुतेक ठिकाणी तो ३६० वॅटच्या आसपास असतो. गेम सेव्ह करून पीसी बंद करण्यापुरता वेळ मिळाला तरी पुरे.

पुण्यातून आणायचं की गावातून?

साताऱ्याहून पुणे साधारण ११० किलोमीटर, सांगलीहून त्याच्या दुप्पट. पुण्यात, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा ऑनलाइन पार्ट थोडे स्वस्त मिळतात, हे खरं. पण बंद पडलेला पार्ट सर्व्हिस सेंटरला पोचवायचा खर्च आणि हेलपाटे आपलेच.

माझा हिशोब साधा आहे. प्रोसेसर क्वचितच बिघडतो, तो जिथे स्वस्त असेल तिथून घ्या. मदरबोर्ड, एसएमपीएस आणि ग्राफिक्स कार्ड गावातल्या दुकानदाराकडून घ्या, जरी पाचशे-हजार जास्त गेले तरी. अट एवढीच की वॉरंटीचं काम तोच बघेल. जीएसटीचं पक्कं बिल आणि त्यावर सिरियल नंबर घ्या. "बिलाशिवाय हजार कमी करतो" म्हणणाऱ्याला नमस्कार करा आणि पुढे चला.

थांबावं का, असंही बरेच जण विचारतात. पीसी फक्त गेमसाठी हवा असेल आणि फोनवर भागत असेल, तर थांबायला हरकत नाही, पण दोन-चार महिन्यांत जुने भाव येतील या आशेवर नको. अभ्यासाचं काम अडलं असेल तर आजच्या भावात बसणारी यादी करा आणि घेऊन टाका.

मामेभावाचा पीसी प्रजासत्ताक दिनाच्या सुट्टीत आम्ही दोघांनी जोडला. मामी शेजारी बसून बघत होत्या. सगळं झाल्यावर त्यांनी एकच विचारलं, "आता यात अजून काय-काय घालावं लागणार?" मी म्हटलं, दोन वर्षं तरी काही नाही. वरचे पाचशे रुपये त्याने स्वतः घातले होते, बाकी सगळी त्यांची भिशी होती.