ट्रॉलीचा भार ब्रेकवरून ठरवावा

राष्ट्रीय राजधानी क्षेत्र म्हटले की दिल्ली, गुरुग्राम, नोएडा ही शहरे डोळ्यांसमोर येतात. मात्र मेरठ, बागपत, मुझफ्फरनगर हे उसाचे जिल्हेही याच क्षेत्रात मोडतात. गाळप हंगामात, हिवाळ्यातील दाट धुक्यात, दोन्ही बाजूंनी ऊस बाहेर आलेल्या ट्रॉल्या तेथील रस्त्यांवरून कारखान्यांकडे जात असतात. कोल्हापूर-सांगलीकडील शेतकऱ्यांनाही हे दृश्य नवे नाही. ट्रॉली किती भरायची, हे दोन्हीकडे एकाच प्रश्नावरून ठरते : ट्रॅक्टर ओढेल का? वास्तविक आधी विचारावयास हवा तो प्रश्न वेगळा आहे : ट्रॅक्टर थांबेल का?

सपाट डांबरी रस्त्यावर ट्रॉली ओढण्यास तिच्या वजनाच्या साधारण दोन-तीन टक्केच बल लागते. म्हणूनच खालच्या गिअरमध्ये ट्रॅक्टर स्वतःच्या कितीतरी पट भार हलवू शकतो. थांबताना मात्र ही अश्वशक्ती फारशी उपयोगी पडत नाही. ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नसतील, तर संपूर्ण भार रोखण्याची जबाबदारी ट्रॅक्टरच्या मागील दोन चाकांवर येते.

एक ढोबळ हिशेब पाहू. ट्रॅक्टरचे वजन 2 टन असून त्यापैकी 1.3 टन मागील चाकांवर आहे. कोरड्या रस्त्यावर ताशी 25 किलोमीटर वेगाने जाणारा असा रिकामा ट्रॅक्टर ब्रेक लागल्यापासून सुमारे 5 मीटरमध्ये थांबेल. मागे बिनब्रेकची, भारासह 8 टनांची चारचाकी ट्रॉली असेल, तर हेच अंतर सुमारे 22 मीटर होते. शंभर मीटरला पाच मीटर उतार असेल, तर ते 40 मीटरच्या आसपास जाते. दिल्लीभोवतीचा प्रदेश सपाट असला तरी कालव्यांवरील पूल आणि उड्डाणपूल यांचे उतार आहेतच. महाराष्ट्रात तर घाट आहेत. रस्ता ओला असल्यास अंतर आणखी वाढते, आणि धुक्यात तेवढे अंतर चालकाला दिसतही नाही.

दुचाकी ट्रॉलीत आणखी एक धोका असतो. तिच्या भाराचा काही भाग ट्रॅक्टरच्या हुकावर येतो. तो प्रमाणाबाहेर गेल्यास पुढील चाके हलकी होऊन स्टिअरिंगची पकड सुटते. हुक उंचावर जोडल्यास ट्रॅक्टर मागे उलटण्याचा संभव वाढतो.

हे सारे शेतकऱ्याच्या लोभामुळे घडते, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. तोडलेला ऊस वाळतो, कारखान्यावर तासन् तास रांगेत उभे राहावे लागते, डिझेल महाग आहे. दोन फेऱ्यांचे काम एका फेरीत उरकण्याचा मोह त्यातूनच होतो. म्हणून केवळ दंडाने प्रश्न सुटणार नाही. मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीने जादा भारासाठी 20,000 रुपये व प्रत्येक जादा टनामागे 2,000 रुपये दंड ठेवला आहे. तरीही जादा भार भरणे थांबलेले नाही.

उपाय हाताशी आहे. उसाच्या प्रत्येक ट्रॉलीचे भरलेले आणि रिकामे वजन कारखान्याच्या काट्यावर होतेच. परंतु ते केवळ बिलापुरते वापरले जाते. त्याच पावतीवर वाहनाचा नोंदणीकृत भारही छापावा आणि तो ओलांडणाऱ्या चालकास तेथेच समज द्यावी. मर्यादेत भरून येणाऱ्यांची रांग वेगळी ठेवल्यास दुसरी फेरी परवडेल. अवजारे भाड्याने देणाऱ्या केंद्रांनी ट्रॉलीवर रिकामे व कमाल वजन ठळक रंगवावे. ट्रॉली विकत घेताना पत्र्याच्या जाडीआधी तिला ब्रेक आहेत का, हे पाहावे. कृषी विज्ञान केंद्रांच्या यांत्रिकीकरण प्रशिक्षणात नांगरटीइतकेच स्थान भरलेल्या ट्रॉलीसह थांबण्याच्या प्रात्यक्षिकालाही मिळावे.

भरलेली ट्रॉली शेताबाहेर निघाली, की ट्रॅक्टरची ताकद सिद्ध झाली असे मानले जाते. तिची खरी परीक्षा मात्र पुलाच्या उतारावर, समोर अचानक सायकलस्वार आल्यावर होते.