तोंडी नकार घेऊ नका

वॉरंटी चालू असतानाच आमच्या कॅम्पर व्हॅनच्या छतावरच्या रंगाचे पोपडे निघू लागले. डीलर म्हणाला, "उन्हाने होतं, वॉरंटीत बसत नाही." उन्हात उभीच करायची नाही, अशी व्हॅन कोण विकत घेतं?

मी दुसऱ्या गॅरेजमध्ये रंगाची जाडी यंत्राने मोजून घेतली. छत पुन्हा रंगवलेलं नाही, रंग कारखान्यातलाच आहे, असं त्यांनी लिहून दिलं. ते आणि तारखेसह फोटो थेट उत्पादकाला पाठवून मी नकाराचं कारण लेखी मागितलं. मित्रांनो, खरा फरक तिथे पडतो. लेखी नकार ग्राहक आयोगापुढे पुरावा ठरतो. २०१९च्या कायद्याने आपण राहतो त्याच जिल्ह्यात, दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. त्याआधी १९१५ ही हेल्पलाइन आहेच.

छताचा खर्च कंपनीने उचलला. दारावरचे ओरखडे आमचेच होते, ते मी मागितले नाहीत.