खर्जातला माणूस

मैफल ऐकून परतणाऱ्या मंडळींना सहज विचारा, "तानपुऱ्यावर कोण होते हो?" शंभरात एखादाच नाव सांगू शकेल. पण तोच तानपुरा मध्येच थांबला, तर गवयासकट सारी सभा मान वळवून पाहील. काही माणसांचे मोल ती नसली म्हणजेच कळते. अमेरिकेतला वॉल्टर पेज हा याच कुळीतला वादक.

१९०० साली मिसूरी राज्यातल्या गॅलटिन या लहान गावी एका कृष्णवर्णीय कुटुंबात तो जन्मला आणि कॅन्सस सिटीच्या शाळेत वाद्ये शिकला. अंगापिंडाने थोराड. त्याचे वाद्यही तसेच : माणसाहून उंच, चार जाड तारांचा बेस. त्या काळी जाझच्या ताफ्यात खर्जाचे काम बहुधा ट्यूबा हे फुंकवाद्य करी. फुंकणाऱ्याला श्वास घ्यावा लागतो. म्हणून चारांपैकी दोनच मात्रांवर तो सूर देई. पेज बोटांनी तारा छेडून चारही मात्रा सारख्या वजनाने वाजवू लागला, आणि प्रत्येक मात्रेला नवा सूर, जणू कोणी जिना चढतो आहे नि उतरतो आहे. अशा वाजवण्याला 'वॉकिंग बेस', म्हणजे चालता बेस, म्हणतात. पाया असा भक्कम झाल्यावर ड्रमवाल्याला बडवण्याची गरज उरली नाही आणि पियानोवाल्याचा डावा हात मोकळा झाला. इतरांचे स्वातंत्र्य उभे राहिले ते याच्या शिस्तीवर!

१९२५ च्या सुमारास तो ओक्लाहोमा सिटीच्या 'ब्लू डेव्हिल्स' या ताफ्याचा नायक झाला. गावोगाव फिरायचे, ब्लूज आणि नाचाचे संगीत वाजवायचे. १९२८ मध्ये काउंट बेसी नावाचा तरुण पियानोवादक त्याच्या हाताखाली आला. पण कॅन्सस सिटीच्या बेनी मोटनचा ताफा मोठा होता. त्याने एकेक करून पेजची माणसे ओढली, बेसीही गेला. अखेर १९३१ च्या सुमारास नायकपण सोडून पेज स्वतःच मोटनकडे गेला. त्याच्या ब्लू डेव्हिल्सची आठवण म्हणून १९२९ साली ध्वनिमुद्रित झालेली अवघी दोन गाणी मागे राहिली.

१९३५ मध्ये मोटन वारला. बेसीने नवा ताफा उभा केला, आणि पेज आपल्याच एके काळच्या पियानोवाल्याच्या हाताखाली मागच्या रांगेत उभा राहिला. एखादा कुढत बसला असता. पण बेसी, गिटारवर फ्रेडी ग्रीन, ड्रमवर जो जोन्स आणि पेज या चौघांनी १९३७ पासून जी लय जमवली, ती पुढच्या कित्येक वादकांना वस्तुपाठ ठरली. त्या रेकॉर्डी ऐकाव्यात. पेजच्या बोटांत पुढे घुसण्याची घाई नाही, की मागे पडल्याचा राग नाही.

२० डिसेंबर १९५७ रोजी न्यूयॉर्कमध्ये न्यूमोनियाने तो गेला. बेसीचे नाव जगभर झाले. पेजचे नाव जाणकारांपुरतेच राहिले.

वाचकहो, या दिवाळीत फराळाच्या ताटांभोवती घर भरून हसेल, बोलेल. त्या गलबल्यात आपल्या घरातला खर्ज कोण सांभाळतो आहे, तेवढे कान देऊन ऐका. आणि ऐकू आला, तर त्या माणसाला पहिल्या पंक्तीला बसवा.